घराला पाठ

९ जानेवारी. निफाड. पहाटे साडेपाच अंश. धुकं, वारा नाही. द्राक्षबागांत शेकोट्यांचा धूर.

“…म्हणजे आता डिझेलचा पंपच उरला ना, वस्ताद?”

बागूल सर हायस्कुलात विज्ञान शिकवतात. हातात वही होती. त्यांनी गॅरेजवाल्या सुलेमान वस्तादांना ती वाचून दाखवली. बॅटरी नवी. चारही हीटर प्लग नवे. सेल्फ खोलून दुरुस्त. डिझेलचा फिल्टर नवा. तरी त्यांची एकवीस वर्षांची डिझेल गाडी रोज सकाळी ढकलल्याशिवाय चालू होत नाही.

वस्ताद सरांच्या दारातल्या पायरीवर बसून चहा पीत होते. समोर उतारावर गाडी, तोंड वर घराकडे. मी हत्यारांची पेटी घेऊन उभा होतो. वस्तादांच्या हाताखाली मला अकरा वर्षं झाली.

“आणि गंमत बघा,” सर म्हणाले. “तुमच्याकडे तीनदा मुक्कामाला ठेवली. तिन्ही सकाळी पहिल्या सेल्फला चालू.”

“माझ्याकडे जमीन सपाट आहे,” वस्ताद म्हणाले.

सरांनी ते ऐकलं नाही. ते वहीचं पान उलटत होते.

सरांच्या पत्नी नलूताई बशी न्यायला आल्या. “आता तर सेल्फचा आवाज आला की गल्लीतले लोक दारं लावून घेतात. ढकलायला बोलावतील म्हणून.”

“उद्याचाच दिवस ना,” सर म्हणाले. आवाज जरा खाली आला. शब्द त्यांनीच नलूताईंना दिला होता. उद्या सकाळी गाडी धक्क्याशिवाय चालू झाली तर राहील, नाहीतर दहा वाजता भंगारवाला येईल. त्यांची ही पहिली गाडी. दुसरी घेणार नाही, असं ते सगळ्यांना सांगतात.

“मग, खोलायचा पंप? मी पूर्ण अभ्यास केलाय.”

वस्तादांनी कप खाली ठेवला.

“सर, चालू होत नाही, हे चार महिने बघितलंत. बंद केल्यावर काय होतं, ते बघितलं का?”

“बंद केल्यावर? काहीच नाही. उभी असते.”

“कशी?”

“कशी म्हणजे… उभी.”

वस्ताद उठले. बॉनेट उघडलं. फिल्टरच्या डोक्यावर हातानं डिझेल ओढायचं बटण असतं, त्यावर बोट ठेवलं.

“दाबा.”

सरांनी दाबलं. बटण अलगद खाली गेलं.

“मऊ लागतंय. आत डिझेलच नाही!”

“रात्री होतं.”

“मग गेलं कुठं?”

वस्तादांनी बॉनेटवर तर्जनी टेकवली आणि गाडीच्या कडेनं चालत चालत, उतार उतरत, मागच्या चाकापर्यंत नेली.

सरांची नजर बोटामागून गेली.

“मागं. टाकीत,” ते हळूच म्हणाले. मग एकदम वर्गात बोलतात तसे, “पण हवा आत शिरल्याशिवाय डिझेल मागं जाणारच नाही! कुठून शिरते?”

“तिलाच विचारा.”

“कसं?”

“आज रात्री उलटी लावा. तोंड रस्त्याकडे.”

सरांची वही मिटली.

“घराला पाठ? वस्ताद, घरची लक्ष्मी आहे ती. आणली त्या दिवशी पूजा करून तोंड घराकडे लावलं. एकवीस वर्षांत एक दिवस फिरवलं नाही.”

“अहो, तुम्ही रोज घराला पाठ करून शाळेत जाता,” आतून नलूताईंचा आवाज आला. “आम्ही काही रुसलो का?”

वस्ताद खाली बघून हसले. सरही हसले, पण उशिरा.

बटण वीस वेळा दाबल्यावर कडक झालं, गाडी चालू झाली, सर शाळेत गेले.

१० जानेवारी. सहा अंश. धुकं कमी.

सात वाजता आम्ही पोचलो. गाडीचं तोंड रस्त्याकडे होतं. मागच्या काचेला नलूताईंनी कुंकवाचं बोट लावलेलं.

सर आत बसले. चावी फिरवली. हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबले. सेल्फ मारला.

गाडी चालू झाली.

समोरच्या घराचं दार नुकतंच लागलं होतं, ते परत उघडलं.

सर खाली उतरून काहीतरी मोठ्यानं बोलणार होते, पण वस्तादांचं डोकं बॉनेटखाली होतं.

“इकडे या.”

फिल्टरजवळ बोटभर लांबीची रबरी नळी. तिच्या टोकाशी डिझेलचा एक थेंब लोंबत होता. टाकी आता वरच्या अंगाला होती. जिथून रोज हवा आत शिरायची, तिथून डिझेल बाहेर झिरपत होतं.

सर वाकले.

“या नळीवरून मी रोज हात फिरवला, वस्ताद. कोरडी असायची… चार महिने. आजच कशी बोलली?”

वस्तादांनी थेंब बोटावर घेतला.

“तोंडासमोर उभं राहून कुणी तक्रार सांगतं का, सर?”

नळी बदलली. क्लिपा दोन, नव्या. भंगारवाल्याला पावणेदहाला नको म्हणून कळवलं. ११ जानेवारी, साडेचार अंश, तोंड घराकडे. गाडी दोन सेकंदांत चालू.