ड्यूकचा पाठमोरा कोंबडा

"माझ्या सासऱ्यांना कोंबड्याची शेपटी दाखवतोस?" ड्यूक आर्नुल्फ गरजले आणि मी छापलेला कागद माझ्याच नाकासमोर नाचवू लागले.

चूक माझीच होती. मी योखिम श्टुबर, त्यांच्या चिमुकल्या जर्मन संस्थानात तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरून छापणारा. स्वतःच्या मते युरोपात पहिल्या नंबरचा! पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, हे आमच्या धंद्यात कुणालाही ठाऊक असतं. पण शंख, शिंपले आणि नागमोडी वेली कोरताना मी स्वतःवरच इतका खूश होतो, की मधला राजचिन्हाचा कोंबडा सरळच कोरून टाकला. आता भिंतीवर तो सासरेबुवांच्या खुर्चीकडे पाठ करून उभा राहणार होता.

"सासरे संध्याकाळी येताहेत. तोवर कोंबडा फिरव! पत्रा हाच, आणि त्यावरची एक रेघही बदलायची नाही. नाही जमलं तर तुझं छापयंत्र नदीत आणि तू वेशीबाहेर!"

घरी येऊन मी केसांचा टोप काढला आणि चक्क रडलो. त्या यंत्राशिवाय मला काहीच येत नाही. मग छाप आरशात पाहिला, पालथा धरला, शेवटी कोंबड्याला हात जोडले.

"मालक, पाया पडून झालं असेल तर सरका," कागद भिजवणारी आमची मोलकरीण वाल्बुर्गा म्हणाली. तिने पत्र्यावर शाई भरून एक छाप काढला. शाई ओली असतानाच त्यावर दमट कोरा कागद ठेवला आणि दोन्ही कागद यंत्रातून फिरवले. वरचा कागद सोलला, तर कोंबड्याची चोच पलीकडे! जरा फिकट होता, पण ऐटीत होता.

आम्ही दोघं नवा छाप आणि पत्रा घेऊन धावतच वाड्यावर गेलो. ड्यूकनी डोळे बारीक केले. "दुसरा पत्रा कोरलास!"

"नाही सरकार, हा घ्या तोच."

त्यांनी भिंग लावून रेघन् रेघ तपासली. "मग कोंबडा फिरला कसा?"

मी वाल्बुर्गाला पुढे ढकललं.

"सोपं आहे, सरकार," वाल्बुर्गा म्हणाली. "ओले छाप रोज माझ्या एप्रनवर उलटे उमटतात. मालकांनी एकदा उलटं केलं होतं. मी तीच चूक कागदावर पुन्हा केली, की झालं सुलटं!"

ड्यूक इतके हसले, की त्यांचा टोप मानेवर घसरला. "शाबास! आजपासून दरबारी मुद्रक ही!"

"आणि मी, सरकार?"

"तू हिच्या हाताखाली. पहिली चूक करायला कुणीतरी हवंच ना!"