केरबाचे मोजे

"केरबानाना स्वतःच म्हणतात झकास बसलेत, मग चूक माझी कशी?"

विश्रामने मोजे गेनूबुवांपुढे टाकले. शहरात बारा वर्षं कोट शिवलेला माणूस. मठात येऊन बुवांचा चेला झाला, तरी हाताचा ताठा काही गेला नव्हता.

बुवा ओसरीवर केरबाचा पाय धूत होते. केरबाचा कुष्ठरोग कधीच बरा झाला होता, पण तळव्यांची जाणीव गेली ती गेलीच. दोन बोटंही गेलेली. वहाण घासू नये म्हणून मोजे हवेतच, आणि बाजारातले त्या पायावर गोळा होत. म्हणून कापडाचे शिवायचे. आणखी एक जखम चिघळली तर पाऊल कापावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आज करंगळीपाशी फोड होता. फुटलेला.

"चौदा ठिकाणी माप घेतलंय, बुवा. कापड उरेब कापलं, तिरकं, म्हणजे ताण घेईल. एक सुरकुती दाखवा."

"नाही सुरकुती."

"शिवण बघा."

"सुरेख आहे."

"मग?"

बुवा पाय पुसत राहिले...

आता यावर माणसानं काय समजायचं? विश्राम वैतागून केरबाकडे वळला.

"नाना, खरं सांगा. कुठं टोचलं?"

"कुठंच नाही बाबा," केरबा ओशाळून म्हणाला. "पण माझं काय धरतोस? काटा मोडला तरी मला कळत नाही."

विश्रामचा आवाज खाली आला. त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

"बुवा, पाय त्यांचा. त्यांनाच कळत नाही, तर मला कुठून कळणार? मी सोडतो हे काम. माझ्या हातून त्यांचा पाय जायला नको."

"डोळे मीट."

"काय?"

"मीट म्हणतो ना."

त्यानं मिटले. बुवांनी मोजा उलटा केला, आतली शिवण वर घेतली आणि त्याच्या पापणीवरून हळूच फिरवली. करंगळीच्या जागेपाशी विश्राम झटकन मागं सरला. तिथं दोऱ्याची एवढीशी गाठ होती.

"दुखलं?"

"दुखलं, बुवा..." तो डोळा चोळत म्हणाला.

बुवा केरबाकडे बघून हसले.

"चला. केरबाचा पाय दुखायला लागला."