मसण म्हणून टाकलेलं शेत

फार फार वर्षं झाली, तेव्हाची ही गोष्ट. उंबरशेत गावात येसू कुंभारीण राहायची. नांगराच्या तासात खापऱ्या वर आल्या की ही ओटीत वेचून आणायची आणि बोटं फिरवून सांगायची, ही रांजणाची, ही तव्याची, इथं कुणाची तरी चूल होती. गाव हसायचं. "काय येसूकाकू, आज कुणाचा संसार वेचला?" ती रागवायची नाही. त्या न पाहिलेल्या माणसांवर तिचा जीवच जडला होता.

गावाच्या उगवतीला एक शेत होतं. त्यात फुटक्या मडक्यांचा खच. मडकं फुटतं ते मसणात, एवढं गावाला पक्कं ठाऊक, म्हणून ते जुनं मसण ठरलं. वरवर नांगरायचे, पण हातभर खोल कुणी खणायचं नाही. शहाण्यांना कोण समजावणार!

मग एका साली पाऊस फिरकलाच नाही. नदी आटली, आड कोरडा पडला. चार दिवसांत गाव सोडायचं ठरलं. पण येसूची सून गिरजा नुकतीच बाळंत झाली होती. पोर सहा दिवसांचं. त्या उन्हात दोघं वाटेतच संपतील, हे येसूला दिसत होतं.

ती टेकाडावर चढली. चहूकडे जोंधळा करपलेला. फक्त त्या मसणाच्या शेतात खळ्याएवढा एक गोल हिरवागार. असं म्हणतात, की तेव्हा तिला मातीखालचं सगळं दिसलं: गावाखालचं गाव, त्याच्याही खालचं गाव, आणि घागरी घेऊन चाललेल्या बाया.

खाली उतरून तिनं पाटलांना ते शेत खणायला सांगितलं. पाटील म्हणाले, "काकू, मसण उकरायचं व्हय? माझ्या पणज्यानंबी तिथं कुदळ मारली न्हाई."

येसूनं त्या शेतातल्या खापऱ्या त्यांच्यापुढं ओतल्या. सगळे घागरींचे गळे. "बोट फिरवून बघा, पाटील. दोर घासून खाच पडलीया. मसणातल्या मडक्याला दोर कुठला? हितं बाया पाणी वढत हुत्या. तुमच्या पणज्याच्या आधीबी मान्सं तानेली हुतीच की."

तरी कुणी पुढं येईना. तिनंच पहिली कुदळ मारली. मग लाजेनं चौघे उतरले. माणूसभर खोलीवर एका जुन्या आडाच्या दगडी बांधकामाची कड लागली. तिसऱ्या दिवशी, असं म्हणतात, खालून काकणांची किणकिण ऐकू आली आणि मागोमाग पाणी आलं. पहिली ओंजळ गिरजाला पाजली. येसू रडत म्हणाली, "बाया गेल्या, पर आपल्यासाठी राखून गेल्या."

गाव उठलं नाही. येसूचं देऊळ नाही, मूर्ती नाही. पण आजही उंबरशेतात बाळंतीण पहिल्यांदा पाण्याला जाते ती त्याच आडावर. घागर काठोकाठ भरते, काठावर ठेवते आणि रिकाम्या हातांनी घरी परतते. कुणासाठी गं, असं विचारलं तर म्हणते, "मागनं येणारीसाठी."