वैजूच्या सायकलची घंटी

"तीन कुलपं लावलीत. आता चौथं कसलं लावू, बोल."

भुजंगराव तोडकरांनी दम दिल्यासारखं विचारलं. हवालदारकी सुटून पाच वर्षं झाली, तो आवाज काही सुटला नव्हता.

दर्ग्याच्या पायरीवर दस्तगीरबाबा बसले होते. तरुणपणी हा माणूस सायकली चोरायचा. तोडकरांनीच त्याला दोनदा आत टाकलेलं. आता अख्खा गाव त्याच्याकडे अडीअडचण घेऊन येतो. घ्या!

"तू त्यातला होतास म्हणून विचारतोय. नाहीतर तुझी पायरी कोण चढतंय?"

बाबा हसले. "सायकल कुणाची?"

"पोरीची... वैजूची."

बाबांचं हसू गेलं. वैजू श्रावणात डेंगीनं गेली, हे त्यांनाही ठाऊक होतं. कॉलेजातून तापानं फणफणत आली, सायकल दारातल्या बदामाखाली लावली आणि घरात जाऊन आडवी झाली, ती उठलीच नाही. बापानं ती सायकल तिथून तसूभर हलवली नाही. ऊन झालं, पाऊस झाला, चाकं बसली.

"काय गेलं तिचं?"

"गेल्या सोमवारी घंटी गेली. पितळी होती, हट्टानं घेतलेली. मग कुलपं लावली."

"आणि नवी घंटी?"

"ती कशाला? वाजवायचीय कुणाला?"

बाबांनी रस्त्याकडे नजर टाकली.

"साहेब, आम्ही आधी घंटीच काढायचो. कुलपाचं काय, चहा थंड व्हायच्या आत तुटतं. घंटी काढायची आणि आठवडाभर त्या रस्त्यानं चकरा मारायच्या. नवी घंटी दिसली की समजायचं, सायकलीवर कुणीतरी बसतंय. नाद सोडायचा."

"आणि नाही दिसली तर?"

"आज सोमवार आहे, साहेब."

तोडकर बाबांशेजारी पायरीवर बसले.

"घरात आणून ठेवा की," बाबा हळू आवाजात म्हणाले.

"कशी आणू? तिनं स्वतःच्या हातानं लावलीय ती तिथं. हलवली तर माझ्याजवळ काय राहतं... सांगा ना, बाबा."

इतक्या वर्षांत तोडकरांनी त्यांना बाबा म्हटलं नव्हतं. म्हटलं आणि धाय मोकलून रडले.

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. भिंतीला त्यांची स्वतःची खिळखिळी सायकल टेकवलेली होती. खिशातलं नाणं काढून त्यांनी तिच्या घंटीचा स्क्रू फिरवला. डोळ्याचं पातं लवतंय तोवर घंटी हातात. बोटं काही विसरली नव्हती.

ती त्यांनी तोडकरांच्या ओंजळीत ठेवली.

"मी... मी बसू तिच्या सायकलीवर?"

"हवा भरून घ्या. दिवस मावळायच्या आत इथनं जाताना वाजवा, भुजंगराव. मी रस्त्यावर डोळा ठेवून बसतो... सवय आहे मला."