गोदू कुंभारणीचे मुठके

एकदा सांगून झालं, दहादा सांगून झालं, आता लिहून द्या म्हणे. शाळेतल्या बाईंनी निरोप धाडला आणि सुनेनं वही-पेन आणून पुढ्यात आदळलं. माझी शाळा चौथीत सुटली. गुडघे धरलेत, डोळ्यांना धड दिसत नाही, आणि ज्यांनी ही गोष्ट ऐकायला हवी होती ते कधी ऐकायला बसले नाहीत. तर लिहितो. मध्येच कुणी ‘हे खरं कशावरून?’ विचारायचं नाही. विचारलंत तर वही मिटेन.

फार मागची गोष्ट आहे. खाडीवर पूल नव्हता, गावात रस्ता नव्हता, आणि गलबतं पार आपल्या सातवणच्या बंदरापर्यंत यायची. त्या काळी कुंभारवाडीच्या टोकाला गोदू राहायची. नवरा लवकर गेला होता, पोर झालं नव्हतं. एक भाऊ होता, तो गलबतावर खलाशी. एकदा तो लांबच्या दक्षिणेच्या बंदरातून परत आला आणि बहिणीच्या ओटीत त्यानं एक वेताची टोपली ठेवली. आत कोंबड्यांची जोडी. पण कोंबडी कसली? मुठीत धरली तर मुठीबाहेर नुसती शेपूट आणि तुरा. जात झुंजीची, ताठ मानेची, छाती पुढे काढून चालणारी, अंगावर तांब्याचा आणि मोरपिशी रंग, आणि सगळं मिळून वजन म्हणाल तर पाण्याच्या तांब्याएवढं. गावानं त्यांना नाव दिलं मुठके. पुढच्या खेपेला गलबत गेलं ते परत आलंच नाही. गोदूला भाऊ म्हणून उरले ते हे मुठके.

त्यांची पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली. गोदू चाकावर बसली की एक खांद्यावर, एक मांडीवर, बाकीचे ओल्या मडक्यांच्या काठांवर. एखाद्या मडक्यावर इवल्या नखांची नक्षी उठायची आणि ते मडकं बाजारात कुणी घ्यायचं नाही. गोदू ते घरी वापरायची. त्या मडक्यातलं पाणी वैशाखातही दातांना झोंबेल एवढं गार असायचं, असं म्हणतात.

गावाला हे पटेना. कोंबडा एकतर कापायचा, नाहीतर झुंजीला लावायचा, तिसरा उपयोग कुणाला ठाऊक नव्हता. दोघा टवाळांनी एकदा दोन मुठके समोरासमोर सोडून बघितले. मुठक्यांनी मानेची पिसं फुलवली, एकमेकांभोवती एक फेरी मारली आणि जाऊन गोदूच्या पदरात बसले.

विहिरीवर बायका विचारायच्या, “गोदवे, हेंका खावन प्वॉट भरूचा नाय, हेंची अंडी इकून मीठ येवचा नाय. मगे पाळतंस कित्याक गो?”

“माका बोलूक कोणतरी व्हया,” गोदू म्हणायची.

“आमी काय मुके आसव?”

“तुमी बोलतास गो. पण ता आयकान आयकान जीव दमता.”

आणि घागर उचलून चालू पडायची. गोदू दमलेली बाई होती. कामानं नाही, कामाला ती वाघ होती. रोज उठून तीच विचारणी आणि तोच जबाब, ह्यानं दमलेली.

आता गावपळण म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगतो, तुम्हाला माहीत आहे. दर तीन वर्षांनी आपला राखणदार, गाव राखणारा देव, गाव मागतो. मग माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळ्यांनी शिवेबाहेर सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, जायचं आणि झावळ्यांची खोपटी घालून राहायचं. तीन दिवस गावात श्वास घेणारं काही ठेवायचं नाही. चौथ्या सकाळी शिवेवरच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना फुलांचे ओले कळे लावायचे आणि देवाला कौल मागायचा. उजवा पडला तर देव म्हणतो, या. डावा पडला तर आणखी एक दिवस बाहेर.

त्या वर्षी गावाचा मानकरी होता बाबाजी गावकर. वाईट माणूस नव्हता, पण त्याचा जीव एका कोंबड्यात अडकला होता. सुलतान नावाचा, गुडघ्याएवढा उंच, पायाला काती, म्हणजे धारदार पाती, बांधून जत्रेच्या झुंजीत कितीतरी कोंबडे लोळवलेला. गावपळण संपली की लगेच जत्रा होती. सड्यावर सगळ्या गावाची कोंबडी एका जागी, तिथं सुलतान नेला तर आधीच भांडून जखमी होईल, कुणाची नजर लागेल, ही बाबाजीला धास्ती. मग त्यानं काय केलं ते आत्ताच सांगतो, लपवून ठेवण्यात राम नाही. त्यानं सुलतानला माळ्यावर बांधला, पुढ्यात भात आणि पाण्याची वाटी ठेवली, खालून शिडी काढली आणि घराला कडी घालून, रिकामं डालगं झाकून बरोबर घेऊन, सगळ्यांच्या पुढे वाजतगाजत निघाला. एवढ्या गावात देव एक माळा कशाला बघत बसतोय, असा त्याचा हिशेब.

चौथ्या सकाळी कळे लावले. डावा पडला. पाचव्या सकाळी डावा. त्यानंतरही डावाच.

सड्यावर सावली नव्हती. झऱ्याचं पाणी संपत आलं. गुरं हंबरायची थांबली, पोरांच्या अंगात ताप भरला, तांदूळ तळाला गेला. लोक असे थकले की भांडायचे ते सुद्धा आडवे पडून. आणि एका पहाटे वारा गावाकडून आला आणि त्या वाऱ्यावरून आवाज आला. कोंबडा आरवत होता. रिकाम्या गावात.

लांबून आलेला आवाज, विरत विरत बारीक झालेला. कुणीतरी म्हणालं, “मुठको!” आणि सगळ्या माना गोदूकडे वळल्या.

गोदू टोपलीवर हात ठेवून उठली. “माझे सगळे हय आसत. येवा, बघा.”

“तुझे किती ता कोणाक म्हायत? एखादो मडक्यात ऱ्हवलो आसतलो. दिसता तरी काय तो!”

बाबाजी पुढे आला. त्यानं तो आवाज ओळखला होता. खाल्लेला घास कळावा तसा ओळखला होता. पण शंभर डोळे गोदूकडे होते, ते आपल्याकडे वळवायचं बळ त्याच्यात नव्हतं. तो म्हणाला, “गोदू, टोपली शिवेर दी. रगत पडला की राखणदार निवतलो. गाव जगाक व्हयो ना?”

गोदूनं टोपलीचं झाकण दाबून धरलं. आतून मुठके नेहमीसारखे कुरकुरत होते, त्यांना वाटलं ती दाणे टाकतेय.

“गावकारांनू,” ती म्हणाली, “माझ्या तोंडाकडे बघून सांगा. तो माझो कोंबडो?”

बाबाजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

“बरां,” गोदू म्हणाली. “मीच जातंय आनूक. माझो असलो तर सगळे कापा. नसलो तर माका परत कोणी कायेक इचारूचा नाय. लय इचारलात जलमभर.”

गावपळणीत गावात शिरलेलं माणूस परत येत नाही, हे शेंबडं पोरही जाणत होतं. पण तिला कुणी अडवलं नाही. सगळे दमले होते, आणि जाणारी आपल्या घरची नव्हती. लाज वाटते लिहायला, पण झालं ते असं.

भर दुपारची वेळ. गोदूनं टोपली पोरांपाशी ठेवली. तिचा सगळ्यात लाडका, लवंगेसारखा काळा लवंग्या, उडून तिच्या खांद्यावर बसला तो उतरायला तयार होईना. ती तशीच शीव ओलांडून गेली. पुढचं कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण असं म्हणतात, की गावात तिला चालताना आपल्या पावलांचा आवाज आला नाही. तुळशीपाशी भर उन्हात दिवे जळत होते. झोपाळे आपले आपण हलत होते. आणि गावकराच्या पायरीवर, खांद्यावर घोंगडी टाकून, माडाएवढा एक म्हातारा डोकं धरून बसला होता. बाजूला काढलेल्या वहाणा होड्यांएवढ्या. डोळे जागरणानं लालभडक.

“आयलंस बाय?” राखणदार म्हणाला. “त्या मेल्याक गप कर गो. तीन वरसां तुमची गुरां राखतंय, पोरां राखतंय, वायच निजाक मेळता ता ह्या दिसांत. आणि ह्यो डोळो लागूक देना नाय.”

गोदूला भीती वाटायला हवी होती. तिला त्याची कीव आली. “तुमी देव ना? तुमीच गप करूचो.”

“माका मारूक येता. गप करूक येना नाय. आणि मारलंय तर तुमी म्हणतलास, देवान कोंबडो घेतलो. मगे दर खेपेक एक आणून देतलास. निजाचा ऱ्हवला बाजूक.”

ह्यावर गोदू हसली, असं म्हणतात. पुष्कळ वर्षांनी हसली.

तिनं शिडी लावली आणि माळ्यावर गेली. वाटी उलटलेली, भाताचं शीत नाही. सुलतानच्या पायाला दोरी गुंडाळून गुंडाळून रुतली होती. तो अर्धमेला होता, पण झेप घेऊन त्यानं तिचा हात कोपरापर्यंत फाडला. त्याला हात म्हणजे काती बांधणारा हात, एवढंच ठाऊक. गोदू मागे सरली नाही आणि पुढेही गेली नाही. तिथंच बसली. लवंग्या खांद्यावरून उतरला, टुकूटुकू चालत त्या धिप्पाड कोंबड्यापाशी गेला, आणि त्याच्या छातीला टेकून, जसा रोज मडक्याला टेकायचा तसा, डोळे मिटून बसला.

सुलताननं चोच उगारली. तशीच धरून ठेवली. मग हळूहळू खाली घेतली.

तेव्हा गोदूनं रक्ताळलेल्या हातानं त्याची मान कुरवाळली. त्याच्या गळ्यातून एक आवाज आला, अंड्यातून नुकतं बाहेर आलेल्या पिल्लासारखा. त्यानंतर तो आरवला नाही.

त्याला काखेत घेऊन ती खाली आली. राखणदार जांभई देत म्हणाला, “ने आता तेका भायर.”

“नेऊन काय करू? दोरी बघून सगळ्यांक कळात कोणी बांधून ठेवलो तो. आपली लाज झाकूक गावकारच पयलो कापीत.”

“मगे हयच बस.”

“बसतंय. दमलंय मी.”

“मीय दमलंय गो बाय,” देव म्हणाला. त्यानं घोंगडी अंथरली आणि झोपला. त्याच्या श्वासानं गावातली सगळी पिकली पानं गळून पडली, असं म्हणतात. सड्यावरच्या लोकांना तो श्वास वाऱ्यासारखा लागला आणि तापलेली पोरं घामेजून शांत झोपली.

दुसऱ्या सकाळी पाषाणाचा उजवा कळा पडला. बाबाजीनं हात जोडायच्या आधीच.

गाव आत शिरलं ते सरळ कुंभारवाडीकडे. गोदूच्या ओट्यावर सुलतान झोपला होता. त्याच्या पंखाखालून लवंग्याचं डोकं बाहेर आलेलं. सुलतानच्या पायात गावकराच्या घरची तांबड्या सुताची दोरी, ती साऱ्या गावाच्या ओळखीची. गोदू कुठे नव्हती. विहिरी बघितल्या, खाडी बघितली, मडकी भाजायचा आवा उपसून बघितला. नुसतं चाक फिरत होतं, वर ओल्या मातीचा गोळा, आणि फिरवणारा कुणी नाही.

बाबाजी त्या चाकापुढे उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं. सगळं गाव थांबलं. त्यानं तोंड मिटलं आणि सुलतानला उचलून घरी गेला. पुढे त्यानं काती खाडीत टाकल्या. म्हातारा होईस्तोवर रोज संध्याकाळी सुलतानला मांडीवर घेऊन गोदूच्या ओट्यावर बसायचा. सुलतान गेल्यावर नुसताच बसायचा. पण ते एक वाक्य काही त्याच्या तोंडून निघालं नाही. ते ऐकायला जी हवी होती ती निघून गेली होती.

सड्यावर राहिलेल्या टोपलीतले मुठके लोकांनी घराघरात वाटून घेतले. आज सातवणच्या अंगणा-अंगणात जे दिसतात ते त्यांचेच. ते आपण कापत नाही, विकत नाही, झुंजीला लावत नाही. झुंज तर ह्या गावात तेव्हापासून झालीच नाही. गावपळणीला निघायच्या आधी प्रत्येकानं शेजाऱ्याच्या घरी जाऊन, शिडी लावून, त्याचा माळा बघायचा. आपला नाही, शेजाऱ्याचा. आणि हाक मारायची, “गोदवे, कोण ऱ्हवला काय गो?” परत येताना सगळ्यांच्या पुढे एक बाई, खांद्यावर मुठका. मानकरी तिच्या मागे. आणि ज्या घरात बोलायला कुणी उरत नाही, त्या घराच्या उंबऱ्यावर कुणीतरी मुठक्यांची जोडी ठेवून जातं. कोण ठेवतं ते विचारायचं नसतं. माझी बायको गेली तेव्हा, घरात माणसं असूनही, माझ्याही उंबऱ्यावर होती. नर माझ्या खाटेच्या पायथ्याशी झोपतो. आता ह्या घडीलाही आहे.

एवढं सगळं होऊन, मागच्या गावपळणीत सड्यावर बसलेलो असताना गावातून आरवणं ऐकू आलं. एक जण सगळ्यांसमोर उठला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “ह्या म्हाताऱ्याचोच असतलो, तेका आता मोजूक येना नाय.” दोन्ही मुठके माझ्या मांडीवर होते, तरी म्हणाला. परत आल्यावर निघालं काय, तर त्याच्याच घरातलं गजराचं घड्याळ, कोंबड्यासारखं आरवणारं, त्याच्या झिलानं, म्हणजे लेकानं, मुंबईहून आणलेलं. गाव हसलं. तोही हसला, आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेला. हसणं आणि थाप म्हणजे माफी नव्हे. बोट दाखवणाऱ्याचं नाव लिहून ठेवतो, बाईंना सांगा, ते खोडायचं नाही. वसंत धाकू मेस्त्री, पिंपळाखालचं घर.