मुद्रेच्या पायाशी कुंकू

नदीकाठी एक छोटेसे राज्य होते. तिथल्या राजाला हत्तींचा नाद होता, आणि पगार वेळेवर देण्याचाही. त्याच्या हत्तीखान्यात निंबाजी नावाचा माहूत होता. चंपा नावाची हत्तीण तो सांभाळी. माणूस कष्टाळू, सरळ, चार अक्षरे वाचता येणारा. पण गेली तीन वर्षे त्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती.

कारण होते त्याची मुलगी मैना. ती जन्मली तेव्हाच तिचा डावा पाय आत वळलेला होता. पलीकडच्या गावच्या वैद्यांनी पाय चाचपून सांगितले, "पट्ट्या बांधून सरळ करता येईल. वर्ष लागेल, साठ नाणी लागतील. पण पोर तीन वर्षांची व्हायच्या आत आण. पुढं हाड ऐकत नाही."

निंबाजीला महिना वीस नाणी पगार. राजाचा कर कापून उरलेली नाणी पिशवीत बांधून मिळत. घरखर्च जाऊन महिन्याकाठी एक नाणे मागे पडे. साठ कधी होणार आणि मैना तीन वर्षांची कधी होणार, हा हिशेब त्याच्या डोक्यात दिवसभर भुणभुणत राही.

आता त्या राज्याची रीत सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. दर पौर्णिमेला पगाराच्या पिशवीबरोबर एक चिठ्ठी मिळे. वर राजाची मुद्रा, मुद्रेखाली कराची खूण, आणि त्याखाली किती कापले, किती दिले ते. खुणा दोनच होत्या. एक चंद्रकोर म्हणजे या माणसाची ही एकच नोकरी. याच्या पहिल्या दहा नाण्यांना कर माफ, उरलेल्यांचा पाचवा हिस्सा कापा. दोन चंद्रकोरी म्हणजे याची दुसरीकडेही कमाई आहे आणि माफी तिकडे दिली आहे. इथे पहिल्या नाण्यापासूनच पाचवा हिस्सा कापा. हे सगळे कचेरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेले होते. पण भिंत कोण वाचतो?

चिठ्ठीही कोणी वाचत नसे. तिच्यावर राजाची मुद्रा, म्हणून लोक ती घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवत, हात जोडत आणि मुद्रेच्या पायाशी ओले कुंकू लावत. म्हणजे नेमके कराच्या खुणेवर. चिठ्ठी वाचायची म्हणजे राजाची झडती घ्यायची, असे सगळ्यांना वाटे. एवढे राजनिष्ठ लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत, आणि एवढे आळशीही.

पैसे पुरेनात तसा निंबाजी जंग जंग पछाडू लागला. त्याने विडा सोडला. वाण्याच्या तराजूवर संशय घेतला आणि भर बाजारात भांडण उकरून काढले. बायकोला, सगुणेला, तेलाचा हिशेब विचारला. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. चार नाण्यांची ज्वारी थोडी स्वस्त मिळावी म्हणून तो नदी ओलांडून गेला आणि भिजलेले पोते घेऊन परत आला. सगळीकडे शोधले, देव्हारा सोडून.

कामावरही तो एका जागी उभा राहीना. या पायावरून त्या पायावर, अंकुश या हातातून त्या हातात. ते पाहून चंपाही डोलू लागली, साखळी ओढू लागली.

हत्तीखान्याचे दारोगा एक दिवस म्हणाले, "निंबाजी, तुझी तगमग हत्तिणीला लागलीय. उद्या ती कुणाला तरी तुडवेल. मन ठिकाणावर आण, नाहीतर काम सोड."

अशातच मैनेला तीन वर्षे पूर्ण झाली. गाडग्यात छत्तीस नाणी होती. त्या दिवशी घरात कोणी धड जेवले नाही.

पुढच्या आठवड्यात सगुणा देव घासत होती. ओल्या ताम्हणात एक चिठ्ठी पडली आणि कुंकू विरघळून गेले.

"अहो, हे बघा. कुंकवाखाली काहीतरी काढलंय."

"असेल राजाचं काही. ठेव जागेवर."

"दोन चंद्रकोरी आहेत. कशाच्या?"

"मला काय विचारतेस?" निंबाजी खेकसला. पण त्याला बसवेना. तो उठला, कचेरीपर्यंत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती भिंत वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली. त्याची दुसरी नोकरी कुठली? आणि तिथेच उभ्या उभ्या त्याला आठवले. मैना होण्याच्या आधी देवळाच्या हत्तीचा माहूत तापाने पडला होता. चार महिने ते काम निंबाजीने केले होते, आणि तसे कचेरीत स्वतःच येऊन सांगितले होते. काम सुटले, ते सांगायला मात्र तो विसरला. तेव्हापासून महिन्याला दोन नाण्यांऐवजी चार कापली जात होती.

आता आत जायचे आणि सांगायचे, एवढेच उरले होते. पण गोंदाजी नावाचा दुसरा माहूत त्याला म्हणाला, "मुद्रेवर शंका घेतोस? चंपाला नवा माहूत शोधतील बघ." तीन दिवस तो कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत गेला आणि तीनदा मागे फिरला. एकदा पहारेकऱ्याने काम विचारले, तर म्हणाला, "काही नाही, सहज." घरी येऊन तो अंगणात येरझारा घाली.

चौथ्या दिवशी सगुणेने मैनेला कडेवर घेतले. "मी विचारून येते. तुम्ही इथं फेऱ्या मारा."

तेव्हा कुठे तो निघाला. कारकून त्रिंबकपंतांसमोर जाऊन त्याने चिठ्ठी पुढे केली.

"पंत, माझ्या चिठ्ठीवर दोन चंद्रकोरी आहेत. मला नोकरी एकच आहे."

पंतांनी वही उघडली. "आणि देवळाचं काम?"

"ते तीन वर्षांपूर्वीच सुटलं."

"मग सांगितलं नाहीस?"

"विसरलो."

"मी इथं कचेरीत बसतो, निंबाजी. तुझं काय सुटलं, काय धरलं, ते मला इथून दिसत नाही. म्हणून तर महिन्याच्या महिन्याला चिठ्ठी देतो. वाचतोस ना?"

निंबाजी खाली बघत म्हणाला, "पूजा करतो."

पंत हसले नाहीत. त्यांनी बोरूने एक चंद्रकोर खोडली. "सरल्या बारा महिन्यांची चोवीस नाणी परत मिळतील. त्यामागची नाही मिळायची. वर्षाच्या आत विचारायचं असतं. तेही भिंतीवर आहे."

कोणी रागावले नाही, कोणी कामावरून काढले नाही. इतके ते सोपे होते. निंबाजीला त्याचेच जास्त लागले.

छत्तीस आणि चोवीस, साठ झाली. दुसऱ्या दिवशी सगळे वैद्यांकडे गेले. वैद्यांनी पाय दाबून पाहिला, पुन्हा दाबून पाहिला.

"मागच्या वर्षी का नाही आणलंस?"

"पैसे नव्हते," निंबाजी म्हणाला. पैसे होते. त्याचेच होते, फक्त कचेरीत पडून होते.

इकडे निंबाजीची गोष्ट पसरली आणि हत्तीखान्यातल्या लोकांच्या घरोघरी कुंकू पुसले जाऊ लागले. गोंदाजीनेही पुसून पाहिले. त्याच्या चिठ्ठीवर एकच चंद्रकोर निघाली, पण बाजारात त्याचे तुपाचे दुकानही होते. तिथेही माफी घेत होता तो. त्याने घाईघाईने नवे कुंकू लावून टाकले. पुढच्या साली कचेरीने सगळी बाकी एकदम वसूल केली, तेव्हा त्याला म्हैस विकावी लागली.

वैद्यांनी त्या दिवशी बांधलेल्या मैनेच्या पट्ट्या वर्षभराने सुटल्या. पाय सरळ झाला. ती चालू लागली, मग धावूही लागली. पण डाव्या पायाची टाच काही जमिनीला टेकली नाही. वैद्य म्हणाले, "वेळेत आली असती तर टेकली असती."

एका पौर्णिमेला निंबाजी उंबऱ्यात बसून चिठ्ठी वाचत होता, ओळीवर बोट ठेवून. मैना ओल्या सारवणावरून चालत आली आणि मागे वळून आपली पावले बघत राहिली.

"बाबा, माझं एक पाऊल पुरतं उमटतं आणि दुसरं अर्धंच. असं का?"

नशिबाचे नाव घेता आले असते, हाडाचेही घेता आले असते. निंबाजीने तिला जवळ ओढून घेतले.

"मी वाचलं नाही म्हणून," तो म्हणाला.

तात्पर्य: आपल्या पगारातून किती कापले आणि कोणत्या खुणेने कापले, ते दर महिन्याला स्वतः वाचावे, आपल्या कामात बदल झाला तर तो कळवावा, आणि चूक दिसली की त्याच दिवशी विचारावे; देणाऱ्याचा मान राखणे वेगळे आणि डोळे मिटून घेणे वेगळे.