रोजचा एक वाचक

"म्हणजे तिन्ही दारं बंद केलीस, तरी एक जण येतोच?"

जंगमअप्पांनी विचारलं, पण मान वर केली नाही. ते बेलाची पानं निवडत होते.

"येतो, अप्पा. रोज. न चुकता."

बार्शीच्या पेठेत ज्यांच्या एका शब्दावर हिंगाचा भाव ठरायचा, ते हे मन्मथशेठ. पहाटे घर सोडून, गुडघे धरत टेकडी चढून आले होते. वर महादेवाचं एवढंसं देऊळ आणि हे म्हातारे अप्पा. बाकी काही नाही. मोबाईलला रेंजसुद्धा नाही.

"पहिल्यापासून सांग."

शेठ सांगू लागले. बोलण्यावरच तर त्यांचं दुकान चाललं होतं.

शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलेलं. दुकानाला दोन दारं. माणूस कुठून जास्त येतं हे कळावं म्हणून त्यांनी एकदा आठ दिवस एका दारात धने भाजायला बसवले, पुढचे आठ दिवस दुसऱ्या दारात. मग ज्या दारानं कमी माणसं आली, तिथे पोती रचून टाकली.

"गिऱ्हाईक तोंडानं खोटं बोलेल, अप्पा. पायानं नाही बोलत."

ब्लॉग लिहायला लागले तेव्हाही तीच रीत. सोशल मीडियाच्या तीन साईट, म्हणजे तीन दारं. आठ दिवस एकीवर ब्लॉगची लिंक टाकायची, दुसऱ्या दोन बंद. मग दुसरी. मग तिसरी. रोज ब्लॉगवर किती माणूस आलं, ते बघायचं.

"आले का?"

"आले की! एकीवरून साठ, दुसरीवरून नव्वद, तिसरीवरून बावीस. पण ते काय येणं? दुकानात शिरायचं, एक शिंक द्यायची आणि बाहेर. चार सेकंद! चार सेकंदांत कोण काय वाचतं?"

"मग?"

"मग म्हटलं, मला कुठे जत्रा भरवायचीय? मला एकच माणूस हवाय..."

अप्पांचा हात थांबला.

"विरू?"

शेठांनी मान हलवली.

विरूपाक्ष, त्यांचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी, ऐन बाजारच्या दिवशी, हिंगाचा डबा उघडा राहिला. सगळा वास उडून गेला. शेठांनी भरल्या दुकानात विरूच्या कानाखाली वाजवली. विरू तसाच अनवाणी पायरी उतरला, तो गेलाच. चपला तिथेच राहिल्या.

डबा उघडा ठेवला होता शेठांनीच. हे त्यांना त्याच दुपारी आठवलं.

विरू कुठेही असला तरी हातात मोबाईल असेलच, या भरवशावर शेठ साठाव्या वर्षी टायपिंग शिकले. दोनशे बारा लेख लिहिले. आईची कारळाची चटणी. गुरांच्या हौदात पडलेला विरू. विरूनं मास्तरांच्या टोपीत ठेवलेला सरडा.

"शेवटी तिन्ही साईट बंद केल्या. म्हटलं, बघू या, न बोलावता कोण येतं. आकडा शून्यावर यायला हवा होता, अप्पा. आला एकावर, आणि तिथेच थांबला. रोज एक. ज्याचं घर आहे, तोच असा येईल ना?"

"मग रडतोस कशाला?"

शेठांनी उपरण्यानं नाक पुसलं.

"सकाळी उठल्यावर मीही उघडतो ना एकदा, काल किती आले ते बघायला. मोबाईल दुरुस्तीवाला म्हणाला, शेठ, हे यंत्र कधी कधी मालकालाही गिऱ्हाईक धरतं."

"म्हणजे तो एक..."

"विरू असेल. नाहीतर मी."

वारा आला. थोडी पानं उडाली.

"मग एक दिवस उघडू नको. कळेल."

"तेच तर होत नाही! एकोणीस दिवस झाले. रोज ठरवतो, आणि दात घासायच्या आधी बोट जातंच. उभ्या जन्मात माल तपासल्याशिवाय घेतला नाही मी. आणि आता... तुम्ही म्हणाल तसं करतो. तपासू, का नको?"

अप्पांनी टोपली त्यांच्यापुढे सरकवली.

"धड तीन दलांचं पान इकडे, फाटकं तिकडे. एवढं निवड. मग बोलू."

शेठ बसले निवडायला. दुपारी अप्पांनी भाकरी आणि ठेचा दिला. पुन्हा टोपली.

"एखादा चेला ठेवा की, अप्पा. पाठ मोडली माझी."

"ठेवला होता. तोही तुझ्यासारखाच बडबड्या निघाला."

ऊन कलंडलं.

"आज उघडलंस का रे ते?"

"छे. पहाटेच निघालो, आणि इथे कुठे रेंज..."

शेठांच्या बोटांतलं पान गळालं.

"उद्या सकाळी दिसेल ना आजचा आकडा?" अप्पांनी विचारलं.

शेठ एकदम उठले. धडक्या आणि फाटक्या पानांचे दोन्ही ढीग एकमेकांत मिसळले.

"तुम्ही मला मुद्दाम बसवलंत! अप्पा, मी... अजून वेळ आहे. दिवस रात्री बारापर्यंत मोजतात. तासाभरात डांबरी रस्त्याला लागतो, तिथे रेंज येते. एकदा उघडलं की झालं. एक राहील. निदान एक राहील..."

त्यांचा पाय चपलेत जाईना. उजवा पाय डाव्या चपलेत.

"मन्मथा."

"उशीर नका करू, अप्पा!"

"दोनशे बारा लेख लिहिलेस. त्या थपडेचं कितव्या लेखात आहे?"

शेठ पायरीवर थबकले.

"कितव्या?"

"कशातच नाही." शेठ म्हणाले. "डबा मीच उघडा ठेवला होता, हे असं चारचौघांत... पेठेतली माणसं वाचतात, अप्पा."

"कुठली माणसं? आता तर एकच येतो ना?"

शेठांनी मोबाईल छातीशी घट्ट धरला. ते वर चढेनात, खाली उतरेनात.

अप्पा विस्कटलेली पानं पुन्हा टोपलीत भरू लागले.

"आणि तो विरूच असला," ते म्हणाले, "तर रोज येऊन तो तिथे काय शोधत असेल?"